आधी ऐका, मग पहा : आजचा ब्रिटिश स्वतंत्र सिनेमा

मंडळी, गेल्या दहा-पंधरा वर्षांतल्या ब्रिटिश स्वतंत्र चित्रपटांची आणि माहितीपटांची यादी समोर ठेवली, की ती एका नावाखाली आणायची कशी असा प्रश्न पडतो. कॉर्नवॉलच्या कोळ्याची कृष्णधवल गोष्ट, पूर्व लंडनमधल्या शाळकरी मुली, व्हिडिओ गेमच्या आत बसवलेलं 'हॅम्लेट', अलेप्पोच्या वेढ्यातल्या रुग्णालयात चित्रित झालेलं मुलीला उद्देशून लिहिलेलं पत्र आणि हिंदीत बोलणारा पोलीसपट. दिसायला यांत काहीच सारखं नाही. म्हणून मी आज तुम्हाला डोळे थोडे बाजूला ठेवून कान पुढे करायला सांगणार आहे. प्रत्येक चित्रपटाला एकच प्रश्न विचारायचा : यातला आवाज कुठून आला? तो चित्रीकरणाच्या आधी मुद्रित झाला, चित्रीकरणाबरोबर की नंतर? या वैविध्याची किल्ली त्या उत्तरात आहे असं मला वाटतं.

ब्रिटनमध्ये माणसाने तोंड उघडलं, की तो कुठल्या गावचा आणि कुठल्या थरातला हे समोरच्याला दोन वाक्यांत कळतं. तिथल्या माहितीपटात दीर्घकाळ निवेदकाचा आवाज एकाच घडणीचा होता : शिकलेला, दक्षिणेकडचा, ठाम. गरिबांची घरं दिसायची आणि त्यांच्याबद्दल बोलायचं दुसऱ्याच कोणीतरी. १९३५च्या 'हाउसिंग प्रॉब्लेम्स'मध्ये लंडनच्या स्टेपनी भागातल्या रहिवाशांना कॅमेऱ्याकडे तोंड करून, स्वतःच्या बोलीत, भिंतीतल्या किड्यांबद्दल आणि उंदरांबद्दल बोलू दिलं गेलं. ध्वनिमुद्रणाची त्या काळची अवजड यंत्रणा थेट त्या कोंदट खोल्यांत नेऊन हे काम झालं. आवाज कोणाचा, हा ब्रिटिश सिनेमातला प्रश्न तेव्हापासूनचा आहे. आजच्या मंडळींनी त्याची जी उत्तरं शोधली आहेत, ती मात्र फार निराळी आहेत.

सुरुवात मार्क जेन्किनच्या २०१९च्या 'बेट'पासून करू. नावाचा अर्थ गळाला लावायचं आमिष. कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर बोट नसलेला एक कोळी आहे, त्याच्या भावाने वडिलांची बोट पर्यटकांच्या फेऱ्यांना लावली आहे आणि घराण्याचं घर लंडनच्या जोडप्याने घेतलं आहे. जेन्किनने हा चित्रपट किल्लीच्या बोलेक्स कॅमेऱ्यावर, १६ मिलिमीटर कृष्णधवल फिल्मवर घेतला. आता गणित बघा. शंभर फुटी रिळात चार हजार फ्रेम मावतात, म्हणजे सेकंदाला २४ फ्रेमच्या गतीने पावणेतीन मिनिटं. किल्ली एकदा पूर्ण दिली, की कॅमेरा चालतो जेमतेम अर्धा मिनिट. त्याहून लांब शॉट घेताच येत नाही. शिवाय स्प्रिंगच्या यंत्राची खडखड इतकी, की शेजारी माइक लावण्यात अर्थ नाही. म्हणून चित्रीकरणाच्या जागी संवाद मुद्रित झालेच नाहीत. बोलणं, पावलं, दोर ओढल्याचा आवाज, समुद्र, सगळं नंतर स्टुडिओत भरलं.

याचा परिणाम पडद्यावर ताबडतोब जाणवतो. आवाज ओठांना तंतोतंत चिकटत नाही, किंचित पुढेमागे सरकतो. आणि जे मुद्दाम भरलेलं नाही, ते ऐकूच येत नाही. खऱ्या ठिकाणी मुद्रण केलं असतं, तर वारा, गाड्या, सीगल यांचा एक सलग थर आपोआप आला असता. इथे एक ग्लास टेबलावर ठेवला, तर तो एकटाच ठेवला जातो. दारूच्या गुत्त्यातलं भांडण बघताना प्रेक्षक ताठ बसतो याचं मोठं कारण हे आहे. चेहरे, हात, बूट, गाठी यांचे तुटक शॉट एकमेकांवर आदळतात, तेही त्या अर्ध्या मिनिटाच्या किल्लीमुळे. जेन्किनने २०१२मध्येच स्वतःसाठी तेरा नियमांचा जाहीरनामा लिहिला होता, त्यात फिल्म स्वतः धुणं आणि आवाज मागाहून देणं ही दोन्ही बंधनं होती.

फिल्म हाताने धुणं म्हणजे काय, तेही सांगतो, कारण आपल्याकडेही हौशी मंडळी हा उद्योग करू बघतात. जेन्किनने वापरलेला कॉफीचा डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर प्रतिमा उमटवणारं द्रावण, छायाचित्रकारांमध्ये 'कॅफेनॉल' म्हणून प्रसिद्ध आहे. त्याचं प्रचलित प्रमाण लिटरभर पाण्याला ५४ ग्रॅम निर्जल धुण्याचा सोडा, १६ ग्रॅम 'क' जीवनसत्त्वाची पूड, ४० ग्रॅम साधी इन्स्टंट कॉफी आणि २० अंश सेल्सिअसला सुमारे १५ मिनिटं असं आहे. सोडा आधी पूर्ण विरघळवायचा, मग जीवनसत्त्व, शेवटी कॉफी. फसतं कुठे, तर बहुतेकांचं सोड्यातच. खायचा सोडा घातला, तर द्रावण पुरेसं अल्कधर्मी होत नाही आणि फिल्म जवळजवळ कोरी बाहेर येते. दुसरी चूक पाण्याच्या तापमानाची. आपल्या उन्हाळ्यात नळाचं पाणी ३० अंशांवर असतं, त्यात तीच १५ मिनिटं दिली, तर निगेटिव्ह काळंठिक्कर होतं. आणि कॉफीने फक्त प्रतिमा उमटते, ती टिकवायला नेहमीचा हायपो फिक्सर लागतोच. लांब रीळ लहान टाकीत धुताना ओरखडे, धूळ, असमान डाग येतातच. 'बेट'मध्ये ते राहू दिले आहेत, आणि पडद्यावर ते समुद्राच्या खारासारखे दिसतात.

आवाज मागाहून देणं ही एक दिशा झाली. क्लिओ बर्नार्डच्या २०१०च्या 'द आर्बर'मध्ये नेमकं उलटं आहे. ब्रॅडफर्डच्या बटरशॉ वसाहतीतली नाटककार अँड्रिया डनबार १९९०मध्ये २९व्या वर्षी गेली. तिच्या मुली, नातेवाईक, शेजारी यांच्या मुलाखती बर्नार्डने केवळ ध्वनीवर घेतल्या. मग नट निवडले आणि त्यांनी त्या मूळ आवाजांवर ओठ हलवले. आवाज खऱ्या माणसाचा, चेहरा नटाचा.

ऐकायला सोपं वाटतं, पण यात कामाचा सगळा क्रम फिरतो. एरवी आधी चित्रीकरण आणि नंतर संकलन. इथे ध्वनीचं संकलन चित्रीकरणाआधी पक्कं व्हावं लागतं, कारण नट ज्या वाक्यावर ओठ हलवणार, ते नंतर अर्ध्या सेकंदाने जरी कापलं, तरी शॉट वाया. नटाला शब्द पाठ असून भागत नाही. श्वास कुठे घेतला, 'अं' कुठे म्हटलं, हुंदका कुठे गिळला, हेही पाठ लागतं. अशा कामात चूक सहसा ओठांची नसते, छातीची असते : आवाजात श्वास ऐकू येतो आणि पडद्यावरची छाती हलत नाही, की सगळा डाव उघडा पडतो. बर्नार्डच्या नटांनी हे इतकं सांभाळलं आहे, की दहा मिनिटांनी आपण युक्ती विसरतो, आणि मग एखादी मुलगी थेट आपल्याकडे बघते तेव्हा दचकतो. साक्ष देणाऱ्याचा चेहरा न दाखवता साक्ष पूर्ण देण्याची याहून प्रामाणिक रीत माझ्या पाहण्यात नाही.

ॲलिस्टर कोलचा २०२१चा 'इओरम' याच घराण्यातला, पण स्वभावाने शांत. स्कॉटिश गेलिक भाषेतला हा पहिला चित्रपटगृहासाठीचा संपूर्ण माहितीपट. त्यातले आवाज एडिनबरोच्या स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीजच्या संग्रहातल्या जुन्या ध्वनिफितींमधले आणि दृश्यं आजच्या हेब्रिडीज बेटांवरच्या मासेमारीची. बोलणारे बरेचसे गेलेले आहेत, जाळी ओढणारे जिवंत आहेत. दोघांमध्ये निवेदक नाही.

आता चित्रीकरणाच्या क्षणीच आवाज पकडणारे. सेरा गॅव्हरनच्या 'रॉक्स'साठी हॅक्नी परिसरातल्या शाळांमधल्या मुलींबरोबर प्रदीर्घ कार्यशाळा झाल्या आणि तेरेसा इकोको व क्लेअर विल्सन यांनी पटकथा त्यातून उभी केली. कथेच्या क्रमानेच चित्रीकरण झालं आणि मुलींना प्रसंगात स्वतःचे शब्द घालायची मोकळीक होती. सहा जणी एकाच वेळी बोलतात, एकमेकींचं वाक्य तोडतात, हे पुन्हा तसंच घडवता येत नाही. म्हणून अशा कामाला दोन कॅमेरे एकदम चालू ठेवावे लागतात आणि प्रत्येकीच्या अंगावर वेगळा माइक, वेगळ्या ट्रॅकवर. लांब दांडीला लावलेल्या एकाच बूम माइकवर भागवलं, तर संकलनात एकीचं वाक्य ठेवताना दुसरीचं कापता येत नाही.

फिलिप बरंटिनीचा 'बॉयलिंग पॉइंट' तर लंडनच्या एका खऱ्या रेस्टॉरंटमध्ये दीड तास सलग, एकाही कटाशिवाय. आठ वेळा संपूर्ण चित्रपट घ्यायचा बेत होता. मार्च २०२०मध्ये लॉकडाउन डोक्यावर आलं आणि चारच टेक झाले. त्यातला तिसरा आपण बघतो. सलग शॉटमध्ये कॅमेऱ्याचं कौतुक सगळे करतात. मला ध्वनीच्या माणसाचं जास्त वाटतं. कॅमेरा चारी बाजूंना फिरतो, तिथे बूम धरून उभं राहायला कोपराही उरत नाही, ॲप्रनखालचा माइक घासला तर कट मागता येत नाही आणि तव्याचा चर्र आवाज नेमका महत्त्वाच्या वाक्यावर पडू शकतो.

लॉरा करेराच्या 'ऑन फॉलिंग'मध्ये (२०२४) स्कॉटलंडच्या गोदामात माल उचलणारी पोर्तुगीज बाई जवळजवळ गप्पच असते. बोलतो तो तिच्या हातातला स्कॅनर. आणि सॅम क्रेन व पिनी ग्रिल्स यांच्या 'ग्रँड थेफ्ट हॅम्लेट'मध्ये कॅमेराच नाही. सगळं 'ग्रँड थेफ्ट ऑटो'च्या ऑनलाइन जगात टिपलेलं. बाहुल्यांच्या चेहऱ्यावर भाव नाहीत, त्यामुळे लॉकडाउनमध्ये अडकलेल्या नटांचा एकाकीपणा हेडफोनच्या माइकवरच पेलावा लागतो, आणि तो पेलतो.

'फॉर समा'बद्दल (२०१९) एवढंच सांगतो : सीरियातल्या अलेप्पोच्या वेढ्यात राहिलेल्या वाद अल-कतीब या आईने वर्षानुवर्षं टिपलेली दृश्यं एडवर्ड वॉट्सबरोबर रचताना काळाच्या क्रमाने न मांडता समाला, म्हणजे मुलीला, सांगितलेल्या शब्दांवर ओवली आहेत. म्हणून त्यात मागेपुढे जाता येतं आणि प्रेक्षकाला उसंत मिळते. सरळ क्रमाने नेलं असतं, तर बघवलं नसतं.

यामागचा पैसा कुठून येतो? मुख्यतः बीबीसी फिल्म, चॅनल ४ची फिल्म४ आणि लॉटरीचा निधी वाटणारी ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट. माहितीपटांसाठी इन्स्टिट्यूटचा निधी डॉक सोसायटी या संस्थेमार्फत जातो. करसवलत हवी, तर चित्रपट 'ब्रिटिश' असल्याचं प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी ३५ गुणांची सांस्कृतिक चाचणी असते, उत्तीर्ण व्हायला १८. त्यातले ६ गुण एकट्या भाषेचे आहेत, आणि इंग्रजीबरोबर वेल्श, गेलिक याही चालतात. ली हेवन जोन्ससारखा दिग्दर्शक 'द फीस्ट' हा भयपट वेल्शमध्ये करतो, तेव्हा भाषेपायी त्याचे गुण जात नाहीत.

१ एप्रिल २०२४पासून चित्रीकरण सुरू झालेल्या छोट्या चित्रपटांना ५३ टक्के दराची नवी सवलत मिळते. लेखक किंवा दिग्दर्शक ब्रिटिश हवा, नाहीतर चित्रपट अधिकृत सहनिर्मिती हवा. दराचा आकडा ऐकून हुरळायचं मात्र नाही. मूळ खर्च दहा लाख पौंड असेल, तर त्याच्या ८० टक्क्यांवरच हिशोब होतो : ४ लाख २४ हजार. त्यावर २५ टक्के कर गेला, की हातात ३ लाख १८ हजार. हा पैसा येतो खर्च झाल्यानंतर, त्यामुळे निर्माता त्याच्या तारणावर कर्ज काढतो आणि व्याज व वकिलांचं शुल्क त्यातूनच जातं. अंदाजपत्रकात ३ लाख १८ हजार पूर्ण धरले, तर संकलनाच्या टेबलावर गाडं अडतं, आणि पहिली कात्री ध्वनीच्या दिवसांना लागते.

हिंदीला त्या सहा गुणांतला एकही मिळत नाही. तरी संध्या सुरीचा 'संतोष' (२०२४) झाला, ब्रिटन, जर्मनी, फ्रान्स आणि भारत अशा निर्मात्यांच्या जोरावर. सुरी मूळच्या माहितीपटकार. नवऱ्याच्या जागी हवालदार झालेली शहाना गोस्वामीची संतोष बराच वेळ ऐकत राहते : वरिष्ठांच्या थट्टा, गावकऱ्यांची टाळाटाळ, दलित मुलीच्या बापाची तक्रार. ब्रिटनने हा चित्रपट ऑस्करच्या आंतरराष्ट्रीय विभागासाठी पाठवला. भारतात सेन्सॉर बोर्डाने मागितलेले कट निर्मात्यांना मान्य झाले नाहीत आणि प्रदर्शन अडलं. ज्या प्रेक्षकाला त्यातली प्रत्येक शिवी आणि प्रत्येक 'जी' उपशीर्षकांविना कळली असती, तोच वंचित राहिला, याचं मला मनापासून दुःख आहे.

तुमच्यातले अनेक जण फिल्म सोसायटी चालवतात, म्हणून दाखवण्याबद्दल दोन कामाच्या गोष्टी. ब्रिटिश टेलिव्हिजनची गती सेकंदाला २५ फ्रेम आहे, चित्रपटगृहाची २४. वाहिनीच्या पैशांतून झालेला माहितीपट अनेकदा २५वर असतो. तो २४वर संथ केला, तर ९० मिनिटांचा कार्यक्रम ९३ मिनिटं ४५ सेकंदांचा होतो आणि लॅबने दुरुस्ती केली नसेल, तर प्रत्येक आवाज अर्ध्या सुराच्या थोडा आत उतरतो. बाई थकलेली वाटते, मुलगा वयात आलेला वाटतो. वितरकाकडून प्रत मागवताना फ्रेमची गती लेखी विचारा आणि तुमच्या प्रोजेक्टरचा सर्व्हर २५ची प्रत चालवतो का, हे आठवडाभर आधी तपासा.

दुसरं, आवाजाची पातळी. थिएटरचा आवाज सांभाळणाऱ्या यंत्रावर, म्हणजे सिनेमा प्रोसेसरवर, ७ ही प्रमाण खूण आहे आणि चित्रपटाच्या ध्वनीचं मिश्रण त्या पातळीला ऐकून केलेलं असतं. जाहिराती कर्कश वाटतात म्हणून बरीच थिएटरं ही पातळी कायम ५च्या आसपास ठेवतात. 'आफ्टरसन'सारख्या चित्रपटात बाप स्कॉटिश वळणाने पुटपुटतो, ते ५वर पोहोचत नाही. कर्णबधिरांसाठीची इंग्रजी उपशीर्षकं असलेली प्रत मिळत असेल, तर तीच घ्या, आणि खेळाआधी संथ संवादाचा एक प्रसंग ७वर लावून शेवटच्या रांगेत बसून ऐका. सभागृह भरल्यावर माणसांचे कपडे आवाज शोषतात, तेव्हा रिकाम्या सभागृहात किंचित मोठा वाटला, तरी खाली आणू नका.