दुपारी बहिरा होणारा सोनार

मंडळी, गोष्ट 1930 च्या दशकातली. अमेरिकी नौदलात सोनारवर, म्हणजे पाण्यात आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकणाऱ्या यंत्रावर, बसणाऱ्यांची एक तक्रार होती. सकाळी पाणबुडीचा प्रतिध्वनी खणखणीत येतो, दुपारी तीच पाणबुडी तेवढ्याच अंतरावर असून सापडत नाही. वरिष्ठांना वाटलं, पोरं जेवून पेंगत असतील. पण पोरं जागी होती, यंत्रंही ठीक होती. खोट पाण्यात होती.

ऊन चढलं की समुद्राचा वरचा थर तापतो. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे 1500 मीटर धावतो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त, आणि कोमट पाण्यात आणखी जलद. मग ध्वनीच्या लाटेची वरची कड पुढे जाते, खालची रेंगाळते. एका बाजूची चाकं चिखलात गेली की गाडी तिकडे ओढते ना, तशीच लाट खाली वळते. वळून ती पाणबुडीच्या खालून निघून जाते. पाणबुडी उभी असते ध्वनीच्या सावलीत.

हे ओळखायचं तर खोलीनुसार तापमान हवं. त्यासाठी ॲथेल्स्टन स्पिलहाउस यांनी बाथीथर्मोग्राफ तयार केला. टॉर्पेडोच्या आकाराची छोटी नळी, आत काजळी धरलेली काचेची पट्टी. दाब पट्टी सरकवतो, तापमान सुई हलवतं, काजळीवर रेघ उमटते. ना वीज, ना तारा! या सगळ्या इतिहासातलं मला सर्वांत देखणं वाटणारं उपकरण हेच. दुसऱ्या महायुद्धात ते पाणबुड्यांवरही बसलं. शिकाऱ्याचं यंत्र सावजाच्या हाती आलं: गार थर कुठे लागतो ते पाहायचं आणि त्याच्याखाली दडायचं.

पण सावली मिळाली तरी स्वतःचा आवाज उरतोच. प्रोपेलर जोरात फिरला की पात्यांवरचा दाब इतका घसरतो की गार पाणीही उकळून बुडबुडे होतात, आणि ते मिटताना तडतडाट होतो. खोल गेलं की दाब वाढतो, बुडबुडे धरत नाहीत. नाहीतर वेग कमी करायचा. यंत्रांची घरघर मात्र खोल गेल्याने जात नाही, म्हणून ती रबरी आधारांवर बसवतात. 1950 च्या दशकापासून अमेरिकेने समुद्रतळावर हायड्रोफोनच्या, म्हणजे पाण्यात ऐकणाऱ्या मायक्रोफोनच्या, रांगा टाकल्या, त्या असल्याच खर्जातल्या घरघरीसाठी. खोल समुद्रात ध्वनीचा वेग सर्वांत कमी असतो त्या पट्ट्यात अडकलेला खर्ज शेकडो, कधी हजारो किलोमीटर जातो.

आणि ऐकणाऱ्या पाणबुडीलाही एक बहिरी बाजू असतेच: पाठीमागची. तिथे तिच्याच प्रोपेलरचा गोंगाट. म्हणून पाणबुडी अधूनमधून वळून आपल्याच वाटेला कान लावते. शीतयुद्धात सोव्हिएत कप्तान हे वळण एकाएकी घ्यायचे. मागावरच्या अमेरिकी पाणबुडीला तेव्हा चटकन वेग तोडून गप्प व्हावं लागे, आणि समोरची तर नेमकी तिच्याच रोखाने येत असे.