पाचटावर चालणारी फलटणची भट्टी

(दृश्य : तोड झालेलं उसाचं रान)

ऊस कारखान्याला गेला, वाढं, म्हणजे हिरवे शेंडे, जनावरांपुढं पडलं. रानात उरलं पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला. खोडव्याला, म्हणजे तोडलेल्या बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या उसाला, पाणी द्यायची घाई, म्हणून कुणीतरी काडी लावतं आणि एखादी भट्टी चालावी एवढी आच उघड्यावर निघून जाते.

सातारा जिल्ह्यात फलटण-लोणंद रस्त्यावर निंबकर कृषी संशोधन संस्था आहे. १९९०च्या दशकात तिथं ही आच कामाला लावायचा प्रयोग झाला. त्यामागं होते डॉ. अनिल राजवंशी. आयआयटी कानपूर, मग फ्लोरिडा विद्यापीठ आणि १९८१मध्ये थेट फलटण, असा त्यांचा उलटा प्रवास.

(दृश्य : भट्टीची आकृती)

ही भट्टी म्हणजे गॅसिफायर, जळणाचा वायू करणारी. तसा तो जुनाच. दुसऱ्या महायुद्धात युरोपात मोटारीसुद्धा त्यावर धावल्या. हवा बेतानं सोडली की जळण पुरतं जळत नाही. त्यातून कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन आणि थोडा मिथेन असा जळाऊ वायू निघतो. पण त्या मोटारी चालायच्या लाकडावर. लाकडाची ढलपी आपल्या वजनानं खाली सरकते. पाचट हलकं, फुगीर. ते मध्येच अडकतं, खाली पोकळी धरते आणि वायू तुटतो. शिवाय राख भरपूर. ती वितळली की तिचे दगडासारखे गोळे होतात, म्हणजे खंगर.

म्हणून फलटणला भट्टीच वेगळी केली: वरून उघडी, आत गळा, म्हणजे अरुंद भाग, नसलेली, ७५ सेंटिमीटर व्यासाची. पाचटाची कुट्टी वरून पडत राहते, कोळसा खालून निघत राहतो. प्रयोगशाळेत ही भट्टी ७०० तासांहून जास्त चालवून पाहिली. कमाल उष्णता तासाला १,०८० मेगाज्यूल, म्हणजे ३०० किलोवॅट. बगॅस म्हणजे उसाची चिपाडं, बाजरीची ताटं, गोड ज्वारीची चिपाडं, हेही तिला चालतं.

(दृश्य : काळा, भुसभुशीत कोळसा हातात)

वायूइतकाच हा कोळसाही मोलाचा. जळणाच्या वजनाच्या साधारण २४ टक्के एवढा तो मागं उरतो. दाबून त्याच्या कांड्या केल्या तर चुलीला चालतात, नाहीतर रानात टाकता येतो.

कृषी खातं मात्र सांगतं, पाचट जाळू नका, सरीतच कुजवा. तेही खरंच आहे. कोळसा आणि राख रानात टाकली, तर पालाश (पोटॅश) बराचसा परत येतो. नत्र (नायट्रोजन) बहुतेक वायूबरोबर गेलेलं असतं. तेव्हा खोडवा ठेवायचा त्या रानातलं पाचट तिथंच राहू द्यावं. खोडवा मोडून दुसरं पीक घ्यायचं असेल, तिथलं भट्टीला द्यायला हरकत नाही.