घरचेच तिऱ्हाईत

नमस्कार श्रोतेहो.

गाडीचा विमा काढताना ‘थर्ड पार्टी’ हा शब्द आपण सगळ्यांनीच ऐकलेला असतो. मराठीत त्याला जुना, नेमका शब्द आहे: तिऱ्हाईत. व्हिडिओ गेमच्या धंद्यातही तिऱ्हाईत असतात. टीव्हीला जोडायचं यंत्र एका कंपनीचं, आणि त्यात घालायचा खेळ बनवणारी कंपनी भलतीच. आज याचं कुणाला काही वाटत नाही. १९७९ सालापर्यंत मात्र यंत्र ज्याचं, खेळही त्याचेच, अशीच रीत होती. ती मोडली एका साध्या ऑफिसच्या कागदामुळे.

कागद होता कॅलिफोर्नियातल्या अटारी कंपनीचा. अटारीनं १९७७ मध्ये घरगुती यंत्र बाजारात आणलं, पुढे ‘अटारी २६००’ म्हणून गाजलेलं. लाकडासारखी दिसणारी पट्टी, वर खाच, त्या खाचेत कॅसेट बसवायची. तिचं खरं नाव कार्ट्रिज, पण आपण सगळे कॅसेटच म्हणत आलोय, म्हणून मीही तेच म्हणतो.

या यंत्राची चालू स्मरणशक्ती होती १२८ बाइट. किती कमी, ते सांगतो. आजच्या फोनवर ‘उशीर होईल, जेवून घ्या’ एवढा निरोप मराठीत लिहिलात, तर तो दोनदा मावेल, तिसऱ्यांदा नाही. एवढ्या जागेत अख्ख्या पडद्याचं चित्र साठवणं शक्यच नव्हतं. टीव्ही वरून खाली एकेक ओळ रंगवत जायचा, आणि त्या त्या ओळीत काय दाखवायचं हे प्रोग्रॅमनं त्या त्या क्षणी सांगायचं. एका ओळीला प्रोसेसरचे फक्त ७६ ठोके. पंगतीत वाढपी थांबत नाही. तो पुढच्या पानाशी पोचायच्या आत त्याच्या भांड्यात पदार्थ पडलाच पाहिजे, तसं हे. सेकंदाला साठ पंगती उठवायच्या, आणि स्वयंपाकी एकटा. कारण तेव्हा एक खेळ म्हणजे एक माणूस. कल्पना त्याची, चित्र त्याचं, आवाज त्याचे, प्रोग्रॅमही त्याचा. खोक्यावर नाव मात्र कंपनीचं.

मार्केटिंगवाल्यांनी एकदा यादी फिरवली: गेल्या वर्षी कोणती कॅसेट किती खपली. हेतू सरळ होता, खपतात तसले खेळ आणखी बनवा. पण डेव्हिड क्रेन, अ‍ॅलन मिलर, बॉब व्हाइटहेड आणि लॅरी कॅप्लन या चौघांनी त्यात आपापले खेळ शोधून बेरीज केली. क्रेन यांनी पुढे सांगितलेल्या हिशेबाप्रमाणे, कंपनीच्या दहा कोटी डॉलरच्या विक्रीपैकी सहा कोटी या चौघांच्या खेळांची होती. पगार वर्षाला वीस-तीस हजार डॉलरच्या घरात.

चौघे साहेबांकडे गेले. अटारीचे प्रमुख तेव्हा रे कसार, कापडाच्या धंद्यातून आलेले. मागणी फार मोठी नव्हती: विक्रीतला थोडा वाटा द्या, आणि खेळावर आमचं नाव घाला. क्रेन सांगतात की उत्तर आलं ते असं: कॅसेट जोडणाऱ्या कामगाराइतकंच तुमचं महत्त्व, त्याहून जास्त नाही. कामगाराला कमी लेखायचं कारण नाही. पण या चौघांच्या जागी दुसरे चौघे आणून बसवता येत नाहीत, हे साहेबांच्या ध्यानात आलं नाही.

चौघांनी अटारी सोडली, आणि ऑक्टोबर १९७९ मध्ये जिम लेव्ही यांच्यासोबत अटारीच्याच यंत्रासाठी खेळ बनवणारी ‘अ‍ॅक्टिव्हिजन’ ही कंपनी काढली. लेव्ही आले होते ध्वनिमुद्रिकांच्या धंद्यातून, त्यांना गायकाचं नाव मुखपृष्ठावर छापायची सवय. इथेही तसंच झालं. पुस्तिकेत खेळ बनवणाऱ्याचं नाव आणि सोबत त्याचा फोटोसुद्धा. अटारीत मात्र वॉरन रॉबिनेट नावाच्या गड्यानं आपलं नाव खेळातल्या एका गुप्त खोलीत लपवलं होतं. तिथे जायला जवळजवळ न दिसणारा एक ठिपका उचलावा लागे. नावासाठी माणसं काय काय करतात!

अटारीनं १९८० मध्ये दावा ठोकला. १९८२ मध्ये तडजोड झाली: अ‍ॅक्टिव्हिजननं मानधन द्यावं आणि खेळ काढत राहावेत. त्याच वर्षी क्रेन यांचा ‘पिटफॉल’ आला. जंगलातून पळणारा माणूस, वेलीला लटकून खड्डा ओलांडायचा, मगरींच्या डोक्यावरून उड्या मारायच्या, वीस मिनिटांत खजिना गोळा करायचा. जंगल २५५ पडद्यांचं. चार किलोबाइटच्या कॅसेटमध्ये ते मावलं कसं? क्रेन यांनी पडदे साठवलेच नाहीत. एका आकड्यावरून पुढचा आकडा काढायचं गणित साठवलं, आणि झाड कुठे, खड्डा कुठे हे त्या आकड्यातून ठरवलं. मला विचाराल तर सबंध अटारीच्या जमान्यातली ही सर्वात देखणी युक्ती. चाळीस लाखांवर प्रती खपल्या.

मग काय, दार उघडं सापडल्यावर जो तो घुसला. ओट्स विकणाऱ्या कंपनीनं खेळांची कंपनी विकत घेतली. कुत्र्यांचं खाणं विकणाऱ्यांनी आपल्या जाहिरातीचा खेळ काढला. माल वाढला, गिऱ्हाईक तेवढंच. नव्या कंपन्या बुडाल्यावर उरलेला माल परत घ्यायला कोणी राहिलं नाही, म्हणून दुकानदारांनी तीस-पस्तीस डॉलरच्या कॅसेटी पाच-पाच डॉलरला काढल्या. १९८३ मध्ये अमेरिकेतला हा बाजार कोसळला. खापर फुटलं तिऱ्हाइतांवर. मला हे अर्धवट वाटतं. न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावी कचऱ्याच्या खड्ड्यात ज्या कॅसेटी पुरल्या, आणि २०१४ मध्ये पुन्हा उकरून काढल्या, त्या अटारीच्या स्वतःच्या होत्या. त्यातला सर्वात बदनाम खेळ एका माणसाकडून पाच आठवड्यांत उरकून घेतला होता.

जपानच्या निन्टेन्डोनं यावरून काढलेला धडा म्हणजे कुलूप. त्यांचं फॅमिकॉम हे घरगुती यंत्र १९८३ चं. हडसन आणि नॅमको या तिऱ्हाइतांना १९८४ मध्ये त्यांनी रीतसर परवाना देऊन आत घेतलं. अमेरिकेत जाताना मात्र यंत्रात एक चिप बसवली आणि तिची जोडीदार कॅसेटमध्ये. दोघींचं जमलं तरच खेळ सुरू. कॅसेट निन्टेन्डोच बनवणार, वर्षाला पाचच खेळ, आणि दोन वर्षं तो खेळ दुसऱ्या यंत्रावर न्यायचा नाही. कोनामीनं यातून वाट काढली: दुसऱ्या नावाची कंपनी उभी केली आणि आणखी पाच मिळवले.

गंमत पुढेच आहे. सेगा कंपनीच्या यंत्राचं कुलूप अ‍ॅकोलेड या कंपनीनं आतला प्रोग्रॅम उलगडून समजून घेतलं. सेगानं कोर्टात खेचलं. १९९२ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयानं अ‍ॅकोलेडच्या बाजूनं कौल दिला. आणि ही अ‍ॅकोलेड कोणी काढली होती? मिलर आणि व्हाइटहेड यांनी. हो, त्याच चौघांतले दोघं!

आता जरा आपल्या घरात येऊ. नव्वदच्या दशकात आपल्याकडे आलेला, दिवाळीत हट्ट करून मिळवलेला ‘व्हिडिओ गेम’ बहुतेक वेळा फॅमिकॉमची नक्कल असे. जपानी फॅमिकॉममध्ये ती कुलुपाची चिप नव्हतीच, म्हणून कुठलीही ‘९९९९ इन १’ कॅसेट त्यात चाले. चालली नाही तर काढायची, फुंकर मारायची, परत घालायची. त्या ९९९९ पैकी खरे खेळ मोजकेच. बाकी तेच नाव बदलून. पण मारिओ सोडला तर आमचे बरेच लाडके खेळ तिऱ्हाइतांचे होते. विटांच्या भिंतीआड गरुड राखायचा तो रणगाड्यांचा खेळ नॅमकोचा, काँट्रा कोनामीचा, बॉम्बरमॅन हडसनचा.

रणगाड्यांचा खेळ तर आमच्या वाड्यात भावाभावांनी मिळून खेळला, आणि एकमेकांचे रणगाडे अडवण्यावरून मारामाऱ्याही झाल्या. नॅमको हे नाव मात्र मला कितीतरी वर्षांनी कळलं. अशा कित्येक नकली कॅसेटींमधून पहिल्या पडद्यावरची कंपनीच्या नावाची ओळ पुसलेली असायची.