पांढरी सायकल आणि दीड मीटर

तर विषय दिलाय 'रस्ता सगळ्यांचा', त्यावर बोलणारच आहे, पण आधी त्या पांढऱ्या सायकलींचं सांगू द्या, त्याशिवाय मला पुढं जाताच येत नाही.

अमेरिकेत सेंट लुईसला 2003 साली पॅट्रिक व्हॅन डर टुइन नावाच्या माणसादेखत एका गाडीनं सायकलवाल्याला ठोकलं, तेही सायकल लेनमध्ये. पॅट्रिकनं एक मोडकी सायकल पांढरी रंगवून त्याच जागी उभी केली आणि पाटी लावली, इथे सायकलस्वाराला धडक बसली. झालं, गाडीवाले तिथं स्पीड कमी करायला लागले. ते बघून त्यानं मित्रांना घेऊन शहरात अजून सायकली ठेवल्या, मग न्यूयॉर्क, लंडन, करत करत कितीतरी देशांत हे पोचलं. त्यांना घोस्ट बाईक, म्हणजे भुताची सायकल म्हणतात आणि आता बहुतेक वेळा सायकलवाला जिथं अपघातात गेला तिथंच ठेवतात.

बनवतात कशी ते ऐका. भंगारातली सायकल घ्यायची, केबल-बिबल, ब्रेक सगळं काढून टाकायचं, म्हणजे चोरायला काही उरत नाही (हसताय काय, तिकडंही चोर आहेत!). मग रंग, नुसता दांडीला नाही, टायर, चेन, पेडल, सीट, सगळं पांढरंफटक. साखळीनं खांबाला बांधायची. घरचे लोक येऊन फुलं वाहतात. आणि काही शहरांत नगरपालिका ती उचलून नेते, अडचण होते म्हणून! माणूस गेला तेव्हा रस्त्याची अडचण कुणाला दिसली नव्हती, याचा मला खरंच संताप येतो.

आपल्याकडं काय असतं? पेपरात आतल्या पानावर चार ओळी, अज्ञात वाहनाच्या धडकेत सायकलस्वार ठार. तो कोण असतो? रात्रपाळीचा वॉचमन, पहाटेचा दूधवाला, हँडलला डबा अडकवून साइटवर निघालेला मजूर. आपण रविवारी हेल्मेट घालून हौसेनं निघतो, त्यांच्याकडं दुसरं वाहनच नसतं हो. आणि गाडी पळून गेली तरी केंद्र सरकारच्या 2022 च्या योजनेत मृत्यूला 2 लाख भरपाई आहे, महसूल कचेरीत अर्ज करायचा, हे त्या घरात कुणी जाऊन सांगतं का?

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं. मग भराभर सांगतो. सायकलला ओव्हरटेक करताना दीड मीटर सोडा, जर्मनीत 2020 पासून शहरात दीड आणि शहराबाहेर दोन मीटर हा नियमच आहे. ड्रायव्हर सीटवरून दार डाव्या हातानं उघडा, अंग आपोआप वळतं, मागून येणारा दिसतो. समोर सायकल असेल तर हेडलाइट खाली, डिपरवर घ्या, अप्परवर त्याचे डोळे दिपतात. सायकलवाल्यांनो, सिग्नलला ट्रकच्या डाव्या बाजूला घुसू नका, तो डावीकडं वळला तर त्याला तुम्ही दिसतच नाही. मागं लाल लाइट, पेडलला रिफ्लेक्टर, हे हवंच.

आणि सायकल ट्रॅकवरचं पार्किंग... राहू दे, त्यावर वेगळं बोलावं लागेल.

बाहेर टेबलावर वही ठेवलीय. आपल्या भागात सायकलवाला अपघातात कुठं गेला, कोणता चौक, कोणतं वळण, तिथं दिवा होता का, ते लिहून जा. भंगारातल्या सायकली मिळतायत, रंगाचं मी बघतो. फक्त घरच्यांना विचारल्याशिवाय एकही ठेवायची नाही, आणि विचारायला जाताना तो भरपाईचा अर्ज बरोबर घेऊन जायचा.