नोटीस आली, पण कळवली कुणाला?

(पडद्यावर: १९७० च्या दशकातल्या अमेरिकी इस्पितळांची कृष्णधवल छायाचित्रं.)

एप्रिल १९७५. अमेरिकेच्या नकाशावर शोधावं लागतं असं चिमुकलं राज्य, ऱ्होड आयलंड. निष्काळजीपणाच्या दाव्यांसाठी तिथल्या डॉक्टरांना विमा देणारी सर्वांत मोठी कंपनी होती सेंट पॉल. त्या महिन्यात तिने जाहीर केलं, जुन्या पद्धतीची पॉलिसी आता बंद.

जुनी पद्धत डॉक्टरांच्या सोयीची होती. चूक ज्या वर्षी घडली, त्या वर्षीच्या पॉलिसीने पैसे भरायचे, दावा केव्हाही येवो. समजा, १९६० साली बाळंतपणात बाळाला इजा झाली आणि आईवडील १९७० मध्ये कोर्टात गेले, तरी १९६० चीच पॉलिसी कपाटातून निघायची. डॉक्टर निर्धास्त, कंपनीच्या जिवाला घोर. दहा वर्षांनी येऊ शकणाऱ्या दाव्यासाठी आज किती प्रीमियम घ्यायचा? त्यातून भरपाईचे आकडे चढतच चाललेले.

नवी पद्धत 'क्लेम्स मेड'. दावा ज्या वर्षी आला, त्या वर्षीची पॉलिसी. डॉक्टर बिथरले आणि दुसरीकडे विचारायला गेले, तर बाकीच्या तीन कंपन्यांनी सेंट पॉलच्या ग्राहकांना दारातही उभं केलं नाही. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पोहोचलं. १९७८ मध्ये न्यायालयाने सांगितलं की हा बहिष्काराचा आरोप आहे, आणि स्पर्धा कायद्यातून विमा कंपन्यांना मिळणारी सूट अशा आरोपाला लागू होत नाही. डॉक्टर हा मुद्दा जिंकले, पण तोवर वारं फिरलं होतं. क्लेम्स मेड रुळली. सेंट पॉलने स्वतः २००१ च्या डिसेंबरात या धंद्यातून अंग काढून घेतलं, साचा मात्र मागे राहिला.

या साच्यात सगळा भार तारखेवर आहे. दावा पॉलिसीच्या मुदतीत यायला हवा. आणि कित्येक पॉलिसींत तो त्याच मुदतीत, किंवा मुदत संपल्यावर ठरावीक दिवसांत, कंपनीला लेखी कळवायलाही हवा. रेल्वेच्या तिकिटावरची तारीख उलटली की टीसीशी हुज्जत घालून उपयोग नसतो, तसंच.

जुन्या पद्धतीच्या पॉलिसीत उशिरा कळवलं, तर अमेरिकेतली बहुतेक राज्यं आधी कंपनीलाच विचारतात, या उशिराने तुमचं नेमकं बिघडलं काय? साक्षीदार हाताबाहेर गेला का? तडजोडीची संधी हुकली का? काहीच बिघडलं नसेल तर पैसे भरा. न्यूयॉर्क त्या बाबतीत फार कडक राज्य, तिथे उशीर म्हणजे उशीर. २००८ मध्ये तिथला कायदा बदलला. आता दोन वर्षांच्या आत कळवलं असेल तर आपलं नुकसान झालं हे कंपनीने सिद्ध करायचं. दोन वर्षं उलटून गेली असतील तर ते झालं नाही हे पॉलिसीधारकाने. त्याच कायद्यात आणखी एक कलम आहे, जे मला फार शहाणपणाचं वाटतं. ज्याला इजा झाली, त्याने स्वतः विमा कंपनीला कळवलं, तरी ते कळवणं धरलं जातं. क्लेम्स मेड पॉलिसीला मात्र मुदतीची अट घालायची मुभा न्यूयॉर्कनेही ठेवली.

मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्येच यावर बोट ठेवलं होतं. मुदतीत कळवणं हाच ज्या सौद्याचा गाभा आहे, त्यात 'तुमचं बिघडलं काय' हा प्रश्नच गैरलागू.

(पडद्यावर: बोस्टन. चार्ल्स नदी, पलीकडे केंब्रिज.)

याचा कडक पुरावा मिळाला हार्वर्ड विद्यापीठाला. खटला इस्पितळाचा नव्हता, प्रवेशप्रक्रियेतल्या वंशाच्या निकषाचा होता. पण पॉलिसीची घडण तीच. १७ नोव्हेंबर २०१४ ला दावा दाखल झाला. मोठ्या संस्थांचा विमा थराथरांचा असतो, खालच्या कंपनीची रक्कम संपली की वरची भरते. पहिल्या थराचं संरक्षण अडीच कोटी डॉलरचं, त्या कंपनीला हार्वर्डने वेळेत कळवलं. त्यावरच्या थरात झुरिक कंपनीचे दीड कोटी डॉलर. पॉलिसी संपली १ नोव्हेंबर २०१५ ला. पुढच्या ९० दिवसांत, म्हणजे ३० जानेवारी २०१६ पर्यंत, झुरिकला लेखी कळवायचं होतं. कळवलं २३ मे २०१७ ला.

हार्वर्डचं म्हणणं, खटला देशभर गाजत होता, रोज पेपरात येत होता, झुरिकला माहीत नसेल असं कसं होईल? न्यायालयाने ते मानलं नाही. पॉलिसीत लेखी सूचना लिहिली आहे, पेपर वाचणं लिहिलेलं नाही. २०२२ मध्ये खालच्या न्यायालयात हार, २०२३ च्या ऑगस्टमध्ये अपिलातही हार. गंमत म्हणजे हार्वर्डशी संलग्न इस्पितळांनी १९७० च्या दशकातल्या त्याच विमा-संकटात स्वतःची विमा कंपनी काढली होती, क्रिको, १९७६ साली. दाव्याची बातमी लवकर आली पाहिजे, हे त्या परिसरात तरी कुणाला नव्याने शिकवायला नको होतं!

इस्पितळांचा पाय नेमका इथेच घसरतो. पहिल्या थरातल्या कंपनीला पत्र जातं, वरच्या थरांना कुणी विचारत नाही. सुरुवातीला दावा छोटा दिसतो, वरचे पैसे लागतील असं कुणाच्या मनातही नसतं.

(पडद्यावर: महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावातलं नर्सिंग होम. रिसेप्शन.)

आता आपल्याकडे. १३ नोव्हेंबर १९९५ ला सर्वोच्च न्यायालयात व्ही. पी. शांता प्रकरणाचा निकाल लागला आणि फी घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्याखाली आले. आज डॉक्टरांची 'प्रोफेशनल इन्डेम्निटी', म्हणजे उपचारातल्या निष्काळजीपणाच्या दाव्यांसाठीची, पॉलिसी असते, इस्पितळाची वेगळी असते. दोन्ही सर्रास क्लेम्स मेड धर्तीच्या.

नर्सिंग होम कुठलंही घ्या. सकाळची ओपीडी भरलेली. पोस्टमन स्पीड पोस्टचं पाकीट देतो. रिसेप्शनवरची मुलगी सही करते, आवक रजिस्टरला नोंद घेते, कागदावर शिक्का मारते, पाकीट मागे स्टेपल करते. तिचं काम चोख झालं.

"सर, वकिलाची नोटीस आलीय."

"ठेव टेबलावर. राउंड झाला की बघतो."

राउंडनंतर सिझेरियन निघतं. रात्री सर ओळखीच्या वकिलाला फोन करतात. तो म्हणतो, काळजी करू नका, कडक उत्तर देऊन टाकू. उत्तर जातं. विमा एजंटला नोटिशीचा फोटो व्हॉट्सॲपवर जातो, एजंट अंगठा दाखवतो. सरांच्या मते कळवून झालं. पॉलिसीच्या अटींत मात्र लिहिलेलं असतं, कंपनीला, लेखी, शक्य तितक्या लवकर. एजंटचा अंगठा म्हणजे कंपनीची पोच का? पुढे दोन वकील याच प्रश्नावर तासभर भांडतील.

आणि उशिराने बिघडतं काय, याचं आपल्याकडचं उत्तर फार ठोस आहे. ग्राहक आयोगाकडून तक्रारीची प्रत मिळाली की लेखी म्हणणं मांडायला ३० दिवस. आयोगाने दया दाखवली तर आणखी १५. त्यापुढे एक दिवसही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ४ मार्च २०२० ला हिली मल्टिपर्पज प्रकरणात पक्कं केलं. आता वकिलाच्या नोटिशीनंतर आलेलं आयोगाचं पाकीट सरांच्या टेबलावर ४० दिवस पडलं असं धरा. दयेचे १५ धरूनही कंपनीच्या हातात पाच दिवस. त्यात तिने पॅनेलवरचा वकील नेमायचा, वकीलपत्रावर सह्या घ्यायच्या, केस पेपर मिळवायचे, त्याच शाखेच्या तज्ज्ञाचं मत घ्यायचं. लेखी म्हणणं गेलं नाही तर बचाव लंगडा पडतो. कंपनी तेव्हा 'आमचं नुकसान झालं' म्हणते, आणि या एका बाबतीत तिचं ऐकून घ्यावं लागतं.

डॉक्टरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर उलट दिलासा फिरत असतो, उशीर झाला तरी कोर्ट सांभाळून घेतं. त्यात थोडं तथ्य आहे. विमा नियामक, म्हणजे आयआरडीएआय, याने २० सप्टेंबर २०११ च्या परिपत्रकात कंपन्यांना बजावलं की निव्वळ उशिराच्या कारणावर यांत्रिकपणे दावे फेटाळू नका. २०१७ मध्ये ओमप्रकाश यांच्या चोरीला गेलेल्या ट्रकचा आठ दिवसांचा उशीर सर्वोच्च न्यायालयाने माफ केला. २०२० मध्ये गुरशिंदर सिंग यांच्या ट्रॅक्टरचा ५२ दिवसांचा. पण ही वाहनचोरीची प्रकरणं होती आणि पोलिसांत फिर्याद वेळेवर झालेली होती. नर्सिंग होमच्या टेबलावर पडून राहिलेल्या पाकिटाची फिर्याद कोण नोंदवतो? शिवाय २०१८ मध्ये सोनेल क्लॉक्स प्रकरणात याच न्यायालयाने उशिरामुळे दिलेला नकार कायम ठेवला. कंपनीने सर्व्हेयर, म्हणजे नुकसानीची पाहणी करणारा, नेमला म्हणजे तिने अट सोडून दिली, असं नव्हे, हेही सांगितलं. ट्रॅक्टरच्या निकालावर इस्पितळाने विसंबून राहावं, असं मला वाटत नाही.

(पडद्यावर: रेकॉर्ड रूम. दोरीने बांधलेले केस पेपरचे गठ्ठे.)

नोटिशीच्याही आधी एक क्षण येतो. नातेवाईक केस पेपरची प्रत मागतात. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे ती ७२ तासांत द्यायची असते. हा अजून दावा नाही. पण दगावलेल्या रुग्णाचा भाऊ वकिलाला घेऊन प्रत न्यायला आला, तर पुढे काय येणार हे रेकॉर्ड रूममधल्या कारकुनालाही कळतं. कित्येक पॉलिसींत अशी 'परिस्थिती' आधीच कळवायची सोय असते. ती कळवली की दावा पुढच्या वर्षी आला तरी आजच्या पॉलिसीत धरला जातो. न कळवता पॉलिसी नव्याने घेतली आणि फॉर्मवरच्या 'दावा होण्याजोगी एखादी घटना माहीत आहे का' या प्रश्नासमोर 'नाही' लिहिलं, तर उशिराच्या जोडीला माहिती दडवल्याचा आक्षेपही येतो. आणखी एक नेहमीचा घोळ म्हणजे चहा पाजून, काही रक्कम देऊन प्रकरण परस्पर मिटवणं. कंपनीच्या संमतीशिवाय कबुली देऊ नये, पैसे देऊ नयेत, ही अट बहुतेक पॉलिसींत असते.

या सगळ्यात ज्याचं माणूस गेलं, त्याला पॉलिसी कुठल्या कंपनीची हे ठाऊकच नसतं. न्यूयॉर्कसारखं त्याने परस्पर कळवायचं म्हटलं तरी कळवणार कुणाला? बऱ्याचदा ते नाव पहिल्यांदा दिसतं ते डॉक्टरांच्या लेखी म्हणण्यात, 'आमचा विमा अमुक कंपनीकडे आहे' या ओळीत. मग तक्रारदाराचा वकील दुरुस्तीचा अर्ज देतो, कंपनीला सामनेवाला, म्हणजे विरुद्ध पक्ष, क्रमांक दोन करून घेतो आणि आयोगाची नोटीस तिच्या शाखेत पोहोचते. कंपनीच्या आवक रजिस्टरला या दाव्याची पहिली नोंद कधीकधी हीच असते.