कापसाच्या वावरातला चॅम्पियन : ली ट्रेविनो

श्रोते हो, नमस्कार.

दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्याकडे सीतादही करतात आणि पऱ्हाटीत वेचणी सुरू होते. कमरेला ओटी बांधायची, ओळ धरायची आणि वाकून दोन्ही हातांनी वेचत जायचं. बोंडाची वाळकी टोकं नखाच्या कडेला रुततात, बोटांना चिरा पडतात आणि मजुरी मिळते किलोवर. हे मी तुम्हाला काय सांगावं! ऐकणाऱ्या कितीतरी घरांत सध्या हेच चाललं असेल. आज ज्याच्याविषयी बोलणार आहे, तो माणूसही पाचव्या वर्षी कापसाच्या वावरात कामाला लागला होता. ते वावर अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातलं. पुढे तो जगातल्या अव्वल व्यावसायिक गोल्फपटूंपैकी एक झाला. त्याचं नाव ली ट्रेविनो.

मी खेड्यातल्या शाळेत मुलांना खेळ शिकवतो. गोल्फ नाही शिकवत, आमच्याकडे त्याचं मैदानच नाही. तरी ट्रेविनोची कारकीर्द मुलांना आवर्जून सांगतो. कारण खेळाडूचा हात घडतो कसा, हे त्याच्या आयुष्यात जितकं स्पष्ट दिसतं तितकं मला दुसरीकडे दिसलं नाही.

आधी खेळाविषयी दोन शब्द. २०२१ च्या ऑगस्टमध्ये, तोक्यो ऑलिम्पिकच्या वेळी, आपली अदिती अशोक चौथी आली, तेव्हा पहाटे उठून अनेकांनी पहिल्यांदाच गोल्फ पाहिला. त्याच दिवशी संध्याकाळी नीरज चोप्रानं सुवर्ण जिंकलं. गोल्फच्या मैदानावर अठरा होल असतात, म्हणजे सव्वाचार इंच रुंदीची अठरा भोकं, एकमेकांपासून शेकडो मीटरवर. क्लब नावाच्या काठीनं चेंडू मारत मारत त्या भोकात घालायचा, तोही कमीत कमी फटक्यांत. मोठ्या स्पर्धेत चार दिवस रोज अठरा होल खेळतात आणि ज्याचे एकूण फटके सर्वांत कमी तो जिंकला. अशा चार स्पर्धा सर्वांत मानाच्या, त्यांना मेजर म्हणतात : मास्टर्स, यूएस ओपन, ब्रिटिश ओपन आणि पीजीए चॅम्पियनशिप. एवढं समजलं की पुरे.

ट्रेविनोचा जन्म १ डिसेंबर १९३९ चा, डल्लास शहराजवळचा. घर मेक्सिकन वंशाचं. बाप लहानपणीच सोडून गेलेला. आई लोकांच्या घरी साफसफाई करायची आणि आजोबा दफनभूमीत कबरी खोदायचे. घरात वीज नव्हती, नळ नव्हता. पण घराला लागून गोल्फचं मैदान होतं. कुंपणाबाहेर येऊन पडलेले चेंडू पोरानं गोळा करायचे आणि खेळणाऱ्यांनाच परत विकायचे, अशी या खेळाशी त्याची पहिली ओळख. मग तो कॅडी झाला. कॅडी म्हणजे खेळाडूची काठ्यांची पिशवी खांद्यावर घेऊन मैलोन्‌मैल चालणारा माणूस. चौदाव्या वर्षी शाळा सुटली. कॅडींच्या खोपटामागे तीन छोटे होल होते. दिवसभराचं काम आटोपलं की तिथं तो रोज तीनशेच्या आसपास चेंडू मारायचा.

कॅडीचं काम हलकं समजतात. मला ते तसं वाटत नाही. कॅडी दिवसभर मैदान वाचत असतो. वारा कुठून आहे, गवत कोणत्या बाजूला झुकलंय, उतार किती, या सगळ्याकडे त्याचं लक्ष. आपल्याकडचा चांगला सालदार वावरात पाय ठेवला की ओल किती आहे ते सांगतो, तसंच हे ज्ञान पायांतून आलेलं असतं. टेक्सासचेच बेन होगन आणि बायरन नेल्सन हे दोन मोठे चॅम्पियनही फोर्ट वर्थच्या एकाच क्लबवर कॅडी म्हणून वाढले. आणि आपल्याकडे? १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू अली शेर दिल्लीत कॅडी होता. एस. एस. पी. चौरसियाचे वडील कोलकात्याच्या रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबवर गवत राखायचे. त्याच चौरसियानं २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं इंडियन ओपन जिंकली. श्रीमंतांचा खेळ म्हणून आपण गोल्फकडे पाहतही नाही, पण तो मनापासून शिकलेली माणसं बरीचशी पिशवी उचलणाऱ्यांतली आहेत.

सतराव्या वर्षी ट्रेविनो अमेरिकेच्या मरीन दलात भरती झाला आणि चार वर्षं तिथं राहिला. परत आल्यावर डल्लासच्या एका छोट्या मैदानावर नोकरी धरली आणि फावल्या वेळात पैजा लावून खेळू लागला. तेव्हाचा एक किस्सा आमच्या मुलांचा फार लाडका आहे. समोरचा खेळाडू साऱ्या काठ्या घेऊन खेळायचा आणि ट्रेविनो काचेच्या थंड पेयाच्या बाटलीनं. बाटलीला चिकटपट्टी गुंडाळलेली. चेंडू एका हातानं वर उडवायचा आणि खाली येता येता बाटलीनं हाणायचा. अशा पैजा तो जिंकायचा आणि त्यावर त्याची चार पैशांची कमाई व्हायची. पुढे पत्रकार मोठ्या स्पर्धेतल्या दडपणाविषयी विचारायचे, तेव्हा तो सांगायचा की खिशात दोन डॉलर असताना पाच डॉलरची पैज लावून खेळणं, दडपण त्याला म्हणतात.

पुढे तो एल पासो नावाच्या सरहद्दीवरच्या गावी एका क्लबवर नोकरीला लागला. पगार आठवड्याला तीस डॉलर. काम काय? खेळायला येणाऱ्यांच्या पिशव्या उतरवायच्या, बूट पुसायचे, गाड्या धुवायच्या. तिथल्या पैसेवाल्यांनी एकदा त्याच्यावर पैज लावली आणि समोर खेळायला रेमंड फ्लॉइडला बोलावलं. फ्लॉइड तरुण होता आणि व्यावसायिक स्पर्धा जिंकून नाव कमावून बसला होता. त्याची गाडी आली. ट्रेविनो पुढे झाला, पिशवी उचलली, आत नेऊन ठेवली, त्याचे बूट स्वच्छ केले. फ्लॉइडनं त्यालाच विचारलं, आज मी खेळणार कुणाशी? ट्रेविनो म्हणाला, माझ्याशी.

पहिल्या दिवशी ट्रेविनो जिंकला. दुसऱ्या दिवशीही तोच. तिसऱ्या दिवशी शेवटच्या होलवर फ्लॉइडनं अफलातून खेळ करून कशीबशी बाजी मारली आणि मिळालेले पैसे घेऊन निघाला. याहून सोपे सामने मला मोठ्या स्पर्धांत मिळतात, असं तो जाताना बोलला म्हणतात. ही हकिकत त्या दोघांनीही पुढे आयुष्यभर आनंदानं सांगितली. फ्लॉइडनंही चार मेजर जिंकल्या.

१९६७ ची यूएस ओपन. प्रवेश फी वीस डॉलर. ती भरून अर्ज टपालात टाकला तो बायकोनं. ट्रेविनो पाचवा आला आणि सहा हजार डॉलर घेऊन घरी परतला. तीस डॉलरच्या आठवड्यानं हिशेब करून बघा, जवळजवळ चार वर्षांचा पगार! पुढच्याच वर्षी, १९६८ मध्ये, न्यूयॉर्क राज्यातल्या ओक हिलवर त्यानं यूएस ओपन जिंकली. चार दिवसांचे फटके ६९, ६८, ६९ आणि ६९. चारही दिवस सत्तरच्या आत ठेवणं या स्पर्धेत तोवर कुणालाच जमलं नव्हतं. दुसरा आला जॅक निकलॉस, त्या काळातला सर्वांत बलाढ्य खेळाडू.

आता ज्यासाठी मी आज माइकसमोर बसलो, ते सांगतो. ट्रेविनोचा फटका कोणत्याही शिकवणीच्या साच्यात बसणारा नव्हता. चेंडू जिथं पाठवायचा त्याच्या बराच डावीकडे तोंड करून तो उभा राहायचा. चेंडू डावीकडे निघायचा, जमिनीपासून फार वर जायचा नाही, आणि शेवटी हलकेच उजवीकडे वळून जागेवर यायचा. पाहणाऱ्यांना ते ओबडधोबड वाटायचं. पण टेक्सासात वारा जोराचा आणि जमीन टणक. उंच मारलेला चेंडू वारा उडवून नेतो. खाली ठेवलेला चेंडू ताब्यात राहतो. तरुणपणी त्याचा चेंडू उलट्या बाजूला, जोरात डावीकडे वळायचा आणि ऐनवेळी दगा द्यायचा. बेन होगनला सराव करताना पाहून त्यानं ते बदललं, पण बदललं आपल्या हाताला झेपेल अशा पद्धतीनं, हजारो चेंडू मारून. मला हरवू शकेल असा शिक्षक भेटला तर त्याचं ऐकेन, असं तो म्हणायचा.

माझ्याकडे येणाऱ्या पोरांचे हात असेच घडलेले असतात. ज्वारीवरची पाखरं हाकायला गोफण फिरवणाऱ्या पोराच्या खांद्याला एक वळण असतं. विहिरीवरून पाणी ओढणाऱ्या पोरीच्या मनगटात वेगळीच ताकद असते. निवडीला गेलं की कुणीतरी सांगतं, हात सरळ घे, पाय असा टाक, पुस्तकात दाखवलंय तसं कर. महिनाभरात पोराचं जुनं जातं आणि नवं अंगी लागत नाही. शिक्षक मित्रांनो, आधी भाला कुठं पडतोय ते बघा. चेंडू पुन्हा पुन्हा त्याच जागी पडतोय का ते बघा. पडत असेल तर त्या हाताला सुखानं वाढू द्या. दुखापत होण्यासारखं काही असेल तेवढंच दुरुस्त करा. याबाबत माझं मत पक्कं आहे आणि ट्रेविनोनं ते आणखी पक्कं केलं.

१९७१ च्या उन्हाळ्यात त्यानं जे केलं ते तोवर कुणीच केलं नव्हतं. जूनमध्ये मेरियन इथं यूएस ओपनला तो आणि निकलॉस बरोबरीत सुटले. निकालासाठी दोघं पुन्हा अठरा होल खेळणार होते. सुरुवातीलाच ट्रेविनोनं पिशवीतून रबरी साप काढला आणि निकलॉसकडे फेकला. लोक हसले, निकलॉसही हसला. ट्रेविनो ६८, निकलॉस ७१. तिथून कॅनडा, कॅनेडियन ओपन जिंकली. तिथून थेट इंग्लंडात रॉयल बर्कडेल, तिथं ब्रिटिश ओपन. शेवटून दुसऱ्या होलवर चेंडू वाळूच्या टेकाडात गेला आणि सात फटके लागले, तरी तैवानच्या लू लियांग ह्वानपेक्षा एक फटका कमी ठेवून तो जिंकला. तीन देशांच्या राष्ट्रीय स्पर्धा, तीन आठवड्यांत!

पुढच्या वर्षीच्या ब्रिटिश ओपनला, स्कॉटलंडमध्ये म्युअरफील्डला, टोनी जॅकलिनशी तो बरोबरीत होता. सतराव्या होलवर चार फटके झाले तरी ट्रेविनोचा चेंडू भोकाभोवतीच्या हिरवळीच्या पलीकडे गवतात. जॅकलिनचा तिसऱ्याच फटक्यात भोकाजवळ. आता संपलं, असं ट्रेविनोला वाटलं असावं, कारण फारसा विचार न करता त्यानं चेंडू ढकलला. तो घरंगळत थेट भोकात गेला. जॅकलिन हादरला, जवळच्या चेंडूला त्याला तीन फटके लागले आणि स्पर्धा ट्रेविनोनं नेली. १९७४ मध्ये पीजीए चॅम्पियनशिपही त्यानंच जिंकली. निकलॉस पुन्हा एका फटक्यानं मागे.

आणि मग २७ जून १९७५. शिकागोजवळ वेस्टर्न ओपन चालू होती. पाऊस आला म्हणून खेळ थांबला. ट्रेविनो आणि जेरी हर्ड तळ्याच्या काठी छत्रीखाली बसले. ट्रेविनोनं पाठ काठ्यांच्या पिशवीला टेकवली होती. पिशवीत लोखंड. जवळच वीज पडली आणि तिचा झटका पिशवीतून त्याच्या पाठीत शिरला. तो वाचला, पण मणक्यांना इजा झाली, पुढे शस्त्रक्रिया करावी लागली आणि पाठ पहिल्यासारखी कधीच झाली नाही.

इथं जरा थांबतो, कारण मृगाच्या पेरणीला आणि परतीच्या पावसात आपल्या जिल्ह्यांत दरवर्षी माणसं विजेनं जातात. बहुतेक वावरातच, आणि पुष्कळदा धुऱ्यावरच्या झाडाखाली. गडगडाट कानावर आला म्हणजे वीज तुमच्यापर्यंत पोचू शकते. झाडाखाली जाऊ नका. विळा, कुदळ, छत्री बाजूला टाका. तारेच्या कुंपणापासून आणि पाण्यापासून दूर व्हा. पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जा. तेही नसेल तर उघड्यावर दोन्ही पाय जुळवून उकिडवे बसा, जमिनीवर आडवे होऊ नका, आणि एकमेकांना चिकटून बसू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास काम सुरू करू नका. पुण्याच्या हवामानशास्त्र संस्थेचं दामिनी नावाचं ॲप आहे, ते आसपासच्या विजेची सूचना देतं. घरातल्या पोरांकडून मोबाइलमध्ये घालून घ्या. आज मोठ्या गोल्फ स्पर्धेत वीज जवळ आली की भोंगा वाजतो आणि मैदान रिकामं होतं. वावरात भोंगा नाही, तेव्हा एकमेकांना हाका मारून तरी सावध करा.

ट्रेविनो उठला. पाठ फार ताण सहन करत नव्हती म्हणून सराव कमी केला आणि खेळ आणखी नेमका केला. १९८० मध्ये वर्षभरात सरासरी सर्वांत कमी फटक्यांसाठीची वार्डन ट्रॉफी त्यानं पाचव्यांदा मिळवली. १९८४ मध्ये अलाबामातल्या शोल क्रीकवर पीजीए चॅम्पियनशिप जिंकली तेव्हा तो ४४ वर्षांचा होता. ६९, ६८, ६७, ६९, पुन्हा चारही दिवस सत्तरच्या आत. ती त्याची सहावी मेजर. मास्टर्स ही एकच मेजर त्याच्या हाती लागली नाही. ती स्पर्धा जिथं होते त्या ऑगस्टाच्या मैदानावर त्याचं मन रमलं नाही, आणि काही वर्षं निमंत्रण असूनही तो गेला नाही. मला त्याची हळहळ वाटते, कारण तिथंही त्याचा हात चालला असता.

पीजीए टूरवर, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेत, २९ विजेतेपदं आणि पन्नाशीनंतर ज्येष्ठांच्या टूरवर आणखी २९. ऐंशी ओलांडल्यावरही डिसेंबरमध्ये फ्लोरिडातल्या एका कौटुंबिक स्पर्धेत तो मुलासोबत खेळायला उतरला. तिथं सरावाच्या जागी टायगर वुड्स आणि त्याचा मुलगा चार्ली यांच्याशी तो बोलत उभा असलेला व्हिडिओ मी मुलांना दाखवतो. ट्रेविनो बोलतोय आणि टायगर ऐकतोय.

आपली रजा घेतो. नमस्कार.