विज्ञानातील सुट्या कल्पना आणि संगणकाचा पडदा

श्रोतेहो, नमस्कार.

बंद डब्यातील हवा तापवली की तिचा दाब का वाढतो, असे विज्ञानात उत्तम गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला विचारले, तर तो बहुधा सूत्र सांगतो. सूत्र बरोबरच असते. परंतु रेणूंची गती त्याने एका धड्यात वाचलेली असते, बल दुसऱ्या धड्यात आणि दाब तिसऱ्यात. हे तिन्ही धडे एकाच घटनेबद्दल बोलत आहेत, हे मात्र त्याच्या ध्यानात आलेले नसते.

ग्लासगो विद्यापीठातील रसायनशिक्षणाचे अभ्यासक अ‍ॅलेक्स जॉनस्टन यांनी ही अडचण नेमकी ओळखली होती. डोळ्यांना दिसणारा पदार्थ, न दिसणारे कण आणि कागदावरची चिन्हे अशा तीन पातळ्यांवर रसायनशास्त्र चालते, असे त्यांनी मांडले. शिक्षक एकाच वाक्यात या तिन्ही पातळ्यांवर फिरून येतात, कारण त्यांना ती वाट पाठ झालेली असते. नवशिक्या विद्यार्थी मात्र पहिल्याच वळणावर मागे राहतो.

डिजिटल साधनांचा खरा उपयोग येथे आहे. नोबेल पारितोषिकप्राप्त भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वाईमन यांनी 2002 मध्ये कोलोराडो विद्यापीठात ‘फेट’ हा सिम्युलेशनचा, म्हणजे संगणकावर घटनेची हुबेहूब नक्कल करून दाखवण्याचा, प्रकल्प सुरू केला. त्यातील वायूच्या सिम्युलेशनमध्ये डब्याला उष्णता दिली, की तापमापीचा आकडा चढतो, कण वेगाने धावू लागतात, भिंतींवर अधिक वेळा आणि अधिक जोराने आदळतात आणि दाबमापीचा काटा पुढे सरकतो. कारण आणि परिणाम एकाच वेळी, एकाच पडद्यावर दिसतात. मात्र काय घडेल याचा अंदाज विद्यार्थ्याने आधी लिहिलेला असला पाहिजे. नाहीतर तो केवळ बटणे दाबून करमणूक करून घेतो.

हे चित्र दिशाभूलही करू शकते. पडद्यावर मोजके रंगीत गोळे असतात, तर 1 लिटर साध्या हवेत 2 या अंकापुढे 22 शून्ये लिहिली तरी पुरणार नाहीत इतके रेणू असतात. रेणूला रंग असतो, किंवा तापवल्यावर रेणूच फुगतो, असे समज मुलांच्या मनात सहज रुजतात आणि देखणे चित्र त्यांना बळ देते. म्हणून या चित्रात काय खोटे आहे, हा प्रश्न शिक्षकांनी जरूर विचारावा. माझ्या मते, त्या तासातला तोच सर्वांत मोलाचा प्रश्न ठरतो.

आलेखांच्या बाबतीत वेळेला फार महत्त्व आहे. संगणकाला जोडलेल्या, अंतर मोजणाऱ्या सेन्सरसमोर विद्यार्थी चालू लागला, की त्याच्या अंतराचा आलेख त्याच क्षणी उमटतो आणि तो थांबला की रेषा आडवी होते. हेदर ब्रासेल यांनी 1987 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आलेख थोड्या सेकंदांनी उशिरा दाखवला, तेव्हा या पद्धतीचा बराचसा लाभ नाहीसा झाला. शरीराची हालचाल आणि रेषेचा चढ यांचे नाते जुळायचे, तर दोन्ही गोष्टी एकत्रच अनुभवाला याव्या लागतात.

आता संकल्पना नकाशाविषयी, म्हणजे कल्पना चौकटींत लिहून त्या रेघांनी जोडणाऱ्या आकृतीविषयी. कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970 च्या दशकात ही पद्धत विकसित केली. यात दोन कल्पनांमध्ये नुसती रेघ ओढून भागत नाही. त्या रेघेवर नाते सांगणारे शब्द लिहावे लागतात. ‘तापमान’ आणि ‘दाब’ यांच्यामध्ये काय लिहायचे, याच्यापाशी विद्यार्थी अडखळतो, आणि हे अडखळणेच उपयोगाचे असते. कागदावर खाडाखोड झाली की मुले नकाशा पुन्हा काढायला कंटाळतात. संगणकावर मात्र रेघा हलवता येतात, तुटलेली नाती पुन्हा जोडता येतात आणि जुनी आवृत्ती जपून ठेवता येते. धड्याच्या आरंभीचा आणि शेवटचा नकाशा शेजारी ठेवले, की कोणते नाते नव्याने जुळले आणि कोणती चुकीची रेघ अजून तशीच आहे, हे शिक्षकांना दिसते, आणि पुढचा तास कोठून सुरू करायचा ते ठरवता येते.